सगळे उत्तम म्हणतात ते पुस्तक मला का वाचवत नाही?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे समजण्यात माझी चूक झाली असेल तर तिथेच कळेल. वय 34. कॉलेजात रहस्यकथांचा फडशा पाडलात, 'मृत्युंजय' दोनदा वाचलीत. मग नोकरी-संसारात आठ-नऊ वर्षं वाचन सुटलं. गेल्या वर्षी पुन्हा सुरुवात करायची म्हणून वाचकांनी डोक्यावर घेतलेली अकरा पुस्तकं आणलीत आणि त्यातली चारच संपली. 'युगान्त' निम्म्यावर राहिलं, 'कोसला' तिसाव्या पानावर. एकाच पुस्तकाला कुणी पाच तारे देतो, कुणी एक, मग विश्वास कुणावर ठेवायचा, हा पहिला प्रश्न. आणि प्रत्येक प्रकारातली दोन-दोन खात्रीची नावं मिळतील का, हा दुसरा.

मी बावीस वर्षं वाचनालयात देवघेवीच्या टेबलावर बसले. 'काहीतरी चांगलं द्या हो' हे वाक्य दिवसाला दहा वेळा तरी ऐकलं असेल. खात्रीचं नाव असं मला त्या बावीस वर्षांत एकही सापडलं नाही. दोन-दोन नावांची यादी पाच मिनिटांत लिहून देईन, पण तिच्यातलीही सहा-सात पुस्तकं अर्धवट राहतील आणि तुम्ही स्वतःलाच दोष देत बसाल. तुमची अडचण मला वेगळी दिसते. लोकांची मतं वाचताना तुम्ही त्यातला निकाल उचलता आणि वर्णन टाकून देता. मला निकालाचा फारसा उपयोग होत नाही. वर्णन मात्र सोन्यासारखं असतं.

'कोसला'चंच घ्या. 1963 सालची कादंबरी. पंचविशीतला पांडुरंग सांगवीकर स्वतःची हकिगत सांगतो आणि 'उदाहरणार्थ', 'वगैरे' हे शब्द अशा आडवळणी जागी पेरतो की पहिल्याच पानावर वाचक एक तर हसतो, नाहीतर वैतागतो. आमच्याकडे एका निवृत्त शिक्षकांनी ती परत करताना म्हटलं होतं, "सारखं उदाहरणार्थ, उदाहरणार्थ. आणि घडत तर काहीच नाही." चार दिवसांनी तीच प्रत इंजिनिअरिंगच्या एका मुलाने नेली. मुदत संपली, स्मरणपत्र गेलं, तरी पुस्तक येईना. शेवटी आला तेव्हा म्हणाला, "कसला बोलतो तो पांडुरंग! आणि मॅडम, काही घडायलाच लागत नाही."

दोघांनी एकच वर्णन केलं. एकाने त्याला एक तारा दिला असता, दुसऱ्याने पाच. तुम्ही ताऱ्यांची सरासरी काढलीत तर हाती तीन येतात, आणि ते तीन तारे त्या दोघांपैकी कुणाच्याही अनुभवाचे नाहीत. 'घडत काही नाही, पण बोलणं भन्नाट आहे' एवढं वाचलंत तर मात्र पुस्तक तुमच्यासाठी आहे की नाही हे कुणाला विचारावं लागत नाही.

म्हणून तक्रारी आधी वाचा. स्तुती करणारा माणूस बहुधा 'अप्रतिम', 'नक्की वाचा', 'खिळवून ठेवणारं' अशा विशेषणांवर थांबतो, आणि ही विशेषणं कुठल्याही पुस्तकाला चिकटवता येतात. चिडलेला माणूस कारण देतो. 'पहिली शंभर पानं नुसती गावाची ओळख', 'तळटीपा संपता संपत नाहीत', 'नायिका अख्खं पुस्तकभर विचारच करत बसते'. अशी तक्रार वाचून तुमच्या मनात 'अरे, मला तर हेच आवडतं' असं आलं, तर ते पुस्तक घ्या. मी सुचवलेली आणि लागू पडलेली निम्मी पुस्तकं दुसऱ्या कुणाच्या तक्रारीवरून सुचलेली होती. (पार्सल उशिरा आलं, कोपरा दुमडला, कागद पातळ आहे, या तक्रारी अर्थातच सोडून द्यायच्या. एक ताऱ्याच्या मतांत त्यांचा भरणा बराच असतो.) घाई असेल तर तीन ताऱ्यांची मतं तेवढी वाचा. तीन देणाऱ्याला आवडलेलं आणि खटकलेलं दोन्ही सांगावं लागतं, त्यामुळे तो पुस्तकाबद्दल बोलतो. पाच आणि एक देणारे बऱ्याचदा स्वतःबद्दल बोलत असतात.

पुरस्कार मिळालेली पुस्तकं तुम्ही मुद्दाम निवडलीत असं लिहिलंय, म्हणून एक अभ्यास सांगते. 2014 साली बालाझ कोवाच आणि अमांडा शार्की या दोन संशोधकांनी वाचकांचे हजारो अभिप्राय तपासले. पुरस्कार मिळालेली पुस्तकं आणि अंतिम यादीपर्यंत येऊन हुकलेली पुस्तकं, अशी तुलना होती. पुरस्कार जाहीर झाल्यानंतर विजेत्या पुस्तकांचं गुणांकन हुकलेल्यांपेक्षा जास्त घसरलं. पुस्तकातलं एक अक्षर बदललं नव्हतं, बदलले होते वाचक. पुरस्काराआधी ते पुस्तक उचलणारा माणूस त्या वळणाचं लेखन आवडणारा असतो. पुरस्कारानंतर येणारी मंडळी शिक्का बघून येतात, आणि त्यात ज्यांचा त्या वळणाशी काही संबंध नाही असेही पुष्कळ असतात. तुमच्या अकरा पुस्तकांचं बरंचसं असंच झालेलं दिसतंय.

आता 'मृत्युंजय' आवडली आणि 'युगान्त' अडलं, त्याबद्दल. हे सगळ्यात बोलकं आहे, म्हणून थोडं लांबण लावते.

तुम्हाला 'युगान्त' कुणी सुचवलं असेल ते 'महाभारत आवडतं ना, मग हे वाच' असंच म्हणून. विषयावरून पुस्तक सुचवण्याची ही चूक मीसुद्धा नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत रोज केली. पुढे नॅन्सी पर्ल या अमेरिकन ग्रंथपाल बाईंची एक कल्पना वाचनात आली आणि माझं काम निम्मं सोपं झालं. त्या म्हणतात, पुस्तकात शिरायला चार दारं असतात: गोष्ट, माणसं, परिसर आणि भाषा. प्रत्येक पुस्तकाला चारही असतात, पण एखादं सताड उघडं असतं आणि बाकीची किलकिली. वाचकाचंही एखादं ठरलेलं दार असतं. पुस्तकाचं मोठं दार आणि तुमचं नेहमीचं दार जुळलं की पुस्तक हातावेगळं व्हायला वेळ लागत नाही.

महाभारतावरची चार मराठी पुस्तकं या नजरेने बघा. 'ययाति' 1959 ची, 'व्यासपर्व' 1962 चं, 'मृत्युंजय' आणि 'युगान्त' दोन्ही 1967 ची. 'मृत्युंजय'मध्ये कर्ण, कुंती, वृषाली, दुर्योधन, शोण, कृष्ण आळीपाळीने बोलतात. तुम्ही थेट त्या माणसाच्या छातीत जाऊन बसता. इरावती कर्वे मानववंशशास्त्राच्या अभ्यासक होत्या. 'युगान्त'मध्ये त्या तुम्हाला छातीतून बाहेर काढून चार पावलं मागे उभं करतात आणि विचारतात, ही माणसं अशी का वागली, त्यांचा समाज कसा होता. पुस्तकाला 1968 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला तो योग्यच होता. पण ते लेख आहेत. त्यात युक्तिवाद पुढे सरकतो, कथानक नव्हे. दुर्गाबाई भागवतांच्या 'व्यासपर्वा'त व्यक्तिरेखांवरचे लेखच आहेत, पण तिथलं मोठं दार भाषेचं आहे. आणि 'ययाति'त पुन्हा ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा आपापली बाजू आपल्याच तोंडाने सांगतात. म्हणजे 'मृत्युंजय' दोनदा वाचणाऱ्याला पुढचं पुस्तक 'ययाति' द्यायचं. 'युगान्त' द्यायचं ते तो 'पण कुंतीने असं का केलं?' असं विचारत परत येईल तेव्हा.

तुमचं दार माणसांचं दिसतंय, आणि त्याच्या लगोलग गोष्टीचं. रहस्यकथांचा फडशा पाडलात त्यावरून. चार संपलेली पुस्तकं कोणती ते तुम्ही लिहिलं नाहीत. त्यांची नावं कळली असती तर छातीठोकपणे सांगितलं असतं. तोवर हा अंदाजच समजा.

प्रकारांनुसार मतं कशी वाचावीत हे वेगळं सांगायला हवं, कारण प्रत्येक प्रकारात वाचक वेगळ्याच गोष्टीचे गुण देत असतो.

रहस्यकथेत तो शेवटाचे गुण देतो. 'खुनी मी आधीच ओळखला' या मताला मी किंमत देत नाही. ज्याने तीनशे रहस्यकथा वाचल्यात तो ओळखणारच, आणि आयुष्यातली तिसरी वाचणारा थक्क होणारच. विचारायचं ते असं की हे कोडं आहे की पाठलाग? कोड्यात लेखक आणि वाचक यांच्यात अलिखित करार असतो. एकदा तो लिहिलाही गेलाय: 1929 साली रोनाल्ड नॉक्स या ब्रिटिश लेखकाने रहस्यकथेचे दहा नियम मांडले, त्यातला पहिला असा की गुन्हेगार कथेच्या सुरुवातीच्या भागातच वाचकाला भेटलेला हवा. त्याच्या तीनच वर्षं आधी, 1926 मध्ये, अगाथा ख्रिस्तींच्या 'द मर्डर ऑफ रॉजर अॅक्रॉइड'ने वाचकांत दोन तट पाडले होते; काहींना ती फसवणूक वाटली, काहींना अफाट चतुराई. (का, ते मी लिहिणार नाही. आमच्याकडच्या एका रहस्यकथेत कुण्या पुण्यवंताने चौदाव्या पानावर एका नावाखाली पेन्सिलीने रेघ मारून 'हाच' असं लिहून ठेवलं होतं. सहा-सात जणांचं पुस्तक नासल्यावर ते माझ्या लक्षात आलं. खोडून काढलं तरी दाब दिसायचा, शेवटी प्रत बाद केली.) तुम्हाला 'फसवलं' ही तक्रार गोड वाटते की कडू, हे एकदा ठरवून ठेवा, रहस्यकथेच्या मतांतून वाट काढायला तेवढं बास आहे.

विज्ञानकथेत 'पात्रं पुठ्ठ्याची वाटतात' ही तक्रार वारंवार दिसेल आणि ती पुष्कळदा खरी असते, कारण तिथे कल्पनाच नायक असते. ज्यांना माणसांच्या दारानेच आत जायचंय त्यांनी ती तक्रार गंभीरपणे घ्यावी. याच प्रकारातला एक किस्सा मात्र मला फार आवडतो. जयंत नारळीकरांनी 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेला आपली पहिली कथा पाठवली ती 'नारायण विनायक जगताप' या नावाने. परीक्षकांवर नावाचं दडपण यायला नको म्हणून. कथेला पहिलं बक्षीस मिळालं. आपण वाचतो त्या मतांतली किती मतं पुस्तकाची असतात आणि किती मुखपृष्ठावरच्या नावाची, असा विचार त्या किश्श्यामुळे नेहमी मनात येतो. मोठ्या नावाचं पुस्तक पडलं तरी लोक 'कदाचित मलाच कळलं नसेल' असं लिहितात, आणि नवख्याचं पडलं तर 'कळत नाही कशाला छापतात'.

चरित्रं आणि आत्मचरित्रांची मतं मी सर्वांत कमी वाचते. तिथे वाचक गुण देतो ते त्या व्यक्तीला. ज्याच्यावर श्रद्धा त्याच्या चरित्राला पाच, ज्याचा राग त्याच्या चरित्राला एक. त्याऐवजी पुस्तक हातात घेऊन त्या माणसाच्या आयुष्यातल्या एखाद्या अडचणीच्या प्रसंगाचं पान शोधा. लेखक तो प्रसंग टाळतो, दोन ओळींत उरकतो की नीट सांगतो? पुस्तकाची जात तिथेच कळते. मागे व्यक्तिनामसूची असेल तर हे काम मिनिटाचं आहे.

इतिहास आणि ऐतिहासिक कादंबरी यांची मतं एकमेकांत मिसळलेली असतात, ती वेगळी काढावी लागतात. 'रटाळ, सनावळ्या फार' ही तक्रार इतिहासाच्या पुस्तकाबद्दल असेल तर पुस्तक बहुधा कष्टाने लिहिलेलं आहे. अनुवादाबद्दल कुणी 'भाषा बोजड' म्हणालं तर अनुवादकाचं नाव बघा, मूळ लेखकाला लगेच फाशी देऊ नका. भयकथेला लोक कोणत्या वयात आणि रात्री किती वाजता वाचली त्यावरून गुण देतात, त्यामुळे सोडून द्या. कवितेबद्दल कुणाचंच मत घेऊ नका, उभ्या उभ्या तीन कविता वाचा. आणि आयुष्य बदलणाऱ्या पुस्तकांवरची मतं वाचनाच्या पहिल्या आठवड्यात लिहिलेली असतात. वर्षभराने परत येऊन 'बदललं का' ते सांगणारा मला अजून भेटलेला नाही.

बरंच काही परिस्थितीवरही असतं, आणि तिथे माझ्यासारखीचाही अंदाज चुकतो. रात्री डोळे मिटेपर्यंत दहा मिनिटं मिळणाऱ्याला सहाशे पानांची, पंचवीस पात्रांची कादंबरी कितीही चांगली असली तरी पचत नाही. रोज मागची दोन पानं पुन्हा वाचावी लागतात. त्याला कथा किंवा व्यक्तिचित्रं द्यावीत. मनःस्थितीचंही तसंच. एकदा एक सभासद बाई पुष्कळ दिवसांनी आल्या, "काहीतरी चांगलं द्या" म्हणाल्या, आणि मी सगळ्यांना आवडलेली एक कादंबरी उत्साहाने काढून दिली. दुसऱ्याच दिवशी त्यांनी ती टेबलावर ठेवली आणि काही न बोलता गेल्या. त्या कादंबरीत आईचं दीर्घ आजारपण होतं. त्यांची आई महिन्यापूर्वीच गेली होती, हे मला नंतर दुसऱ्यांकडून कळलं. तेव्हापासून 'काय आवडतं?' याच्या आधी मी 'सध्या काय नको आहे?' असं विचारते. लोक आवडीबद्दल घोळतात, नकोशा गोष्टीबद्दल लगेच आणि नेमकं बोलतात. तुम्हीही पुस्तक निवडताना स्वतःला हाच प्रश्न आधी विचारा.

अर्धवट सोडण्याची जी खंत तुमच्या प्रश्नात आहे ती मला पटत नाही. वाचनालयातलं जुनं पुस्तक मिटून त्याची पानांची कड बघा कधी. पहिल्या पाव-एक भागाची कड बोटांनी काळपट झालेली असते आणि पुढचा भाग चक्क पांढरा. गाजलेल्या, पुरस्कार मिळालेल्या पुस्तकांच्या कडा मी अशा पाहिल्यात. म्हणजे सोडणारे तुम्ही एकटे नाही. बाकीचे ते कुणाला सांगत नाहीत, एवढंच. दान्येल पेनाक या फ्रेंच लेखकाने 1992 साली वाचकाचे दहा हक्क लिहिले, त्यात पुस्तक न संपवण्याचा हक्क आहे आणि पानं गाळण्याचाही. आपले रंगनाथन तर त्याच्याही कितीतरी आधी, 1931 साली, ग्रंथालयशास्त्राच्या पाच नियमांत सांगून गेले की प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळालं पाहिजे आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. त्या 'त्याचं'वर बोट ठेवा. 'सगळ्यांचं' असं त्यांनी म्हटलेलं नाही.

तरी नावं मागितलीत, तर तुमच्या दारावरून अंदाज करून तीन देते. पहिलं 'ययाति', कारण वर आलंच आहे. दुसरं 'बनगरवाडी', 1955 चं. तरुण मास्तर धनगरांच्या वाडीवर शाळा चालवायला जातो एवढीच गोष्ट. लहानसं पुस्तक आहे, पण कारभाऱ्यासारखी माणसं पुस्तक मिटल्यावरही घरात वावरत राहतात. 'मोठं असं काही घडत नाही' ही तक्रार याच्याबद्दल ऐकाल, आणि ती खोटी नाही. तिसरं 'रणांगण', 1939 चं, युरोपातून परतणाऱ्या बोटीवरचं. ज्यू हॅर्टा आणि चक्रधर यांची ती गोष्ट तुम्ही दोन-तीन बैठकांत संपवाल. 'फार उदास आहे' म्हणतात, तेही खरंच. सध्या उदास नको असेल तर मागे ठेवा. रहस्यकथेचं नाव मुद्दाम देत नाही. कॉलेजात आवडलेल्या दोन रहस्यकथांची नावं आणि त्यात 'फसवलं' गोड लागलं की कडू, ते कळवा, मग सांगते.

'युगान्त' कुणाला देऊन टाकू नका, 'ययाति' झाल्यावर त्यातला द्रौपदीवरचा लेख तेवढा उघडा. आणि 'कोसला'चं म्हणाल, तर नॅन्सी पर्ल यांचा सोडण्याबद्दलही एक नियम आहे. वय पन्नासपर्यंत असेल तर पन्नास पानं द्यायची. त्यापुढे शंभरातून वय वजा करायचं आणि उरतील तेवढी. माझं वय 61, मला एकोणचाळीस पानांत सुटका आहे. तुम्ही 34 चे, आणि तिसाव्या पानावर थांबलात. अजून वीस पानं देणं लागता.